काठावरचे बहुमत आणि कायमचा बदल

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांतून आजही मोठ्या श्रद्धेने उच्चारली जाते. ज्यांनी परमेश्वराची कल्पनाच मागे टाकून धम्माचा मार्ग धरला, त्या नवदीक्षित बौद्ध कुटुंबांनी ही म्हण एकवार तपासून पाहिली पाहिजे. पाच मुखांनी सांगितले म्हणजे ते सत्य ठरते काय? दहांपैकी सहा मुखे एक बोलली आणि चार दुसरे बोलली, तर तेवढ्या आधिक्यावर दहाही जणांचे आयुष्य कायमचे बदलून टाकण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो काय? लोकशाहीत निर्णय बहुमताने होतात, याविषयी आमचा वाद नाही. कोणत्या निर्णयाला किती बहुमत पुरेसे मानावे आणि कोणता प्रश्न बहुमतापुढे ठेवूच नये, हा खरा वादाचा मुद्दा आहे. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या समाजाला तो समजून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाचे भवितव्य थेट जनतेच्या मतदानाने ठरल्याचे ठळक उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. १९६१ साली गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. श्री. दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाचा पुरस्कर्ता होता व त्याच्या पाठीशी मोठ्या प्रमाणावर बहुजन समाज उभा होता. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात होता. संसदेने १९६६ साली खास कायदा केला. मतदान निःपक्षपातीपणे व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणाला फूल आणि वेगळेपणाला दोन पाने अशी चिन्हे होती. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७० पडली. अंतर ३४,०२१ मतांचे.

वाचकहो, आता एक हिशेब करून पाहा. दोन पानांकडे गेलेल्या मतदारांपैकी केवळ १७,०११ जण फुलाकडे वळले असते, तर गोवा महाराष्ट्रात विलीन होण्याचा मार्ग मोकळा झाला असता. आपल्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांना ते प्रियच झाले असते. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही सामील होते, हे आपण विसरलेलो नाही. परंतु आपल्याला प्रिय असलेला निकाल लागला असता म्हणजे तो न्याय्य झाला असता, असे नव्हे. निवडून दिलेले सरकार पाच वर्षांनी खाली खेचता येते. एखादा प्रदेश दुसऱ्या राज्यात मिसळला, त्याची विधानसभा गेली, राज्यकारभाराची भाषा ठरली, म्हणजे पाच वर्षांनी त्याला पुन्हा वेगळा काढता येत नाही. फेरता येणाऱ्या आणि न फेरता येणाऱ्या निर्णयांना एकाच तराजूत तोलणे ही मोठी चूक होय.

शिवाय १९५५ साली भाषावार राज्यांविषयी लिहिताना परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेला इशारा येथे स्मरणात ठेवावा. राज्याची सीमा भाषेवर आखली की त्या सीमेच्या आत एखाद्या मोठ्या जातीचे संख्याबळ प्रबळ होते आणि लहान जमाती तिच्या दयेवर राहतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. सीमा कोठे आखायची हे मोजणीने ठरवताना त्या सीमेच्या आत अल्पसंख्य कोण होणार, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

गोव्यात पुढे जे घडले ते बोधप्रद आहे. निकालाने होती ती स्थिती कायम राहिली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनी कौलात हरलेल्या बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना देशोधडीला लावले नाही, हरलेल्यांनी निकाल झुगारला नाही. गोव्याला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ रोजी, म्हणजे वीस वर्षांनी. तोवर मूळ भांडणाची धार बोथट झाली होती.

उलट उदाहरण ब्रिटनचे. २३ जून २०१६ रोजी तेथे युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी सार्वमत झाले. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के व विरोधात ४८.१ टक्के मते पडली. बाहेर पडायचे म्हणजे नेमके कोणत्या अटींवर, हे मतपत्रिकेवर नव्हते. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांचे बहुमत राहण्याच्या बाजूने होते. ३१ जानेवारी २०२० रोजी देश बाहेर पडला, पण त्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले. त्याच ब्रिटनने १९७९ साली स्कॉटलंडला स्वतःचे विधिमंडळ द्यावे काय, हे विचारताना अट घातली होती की, एकूण मतदारांपैकी किमान ४० टक्क्यांनी होकार दिला पाहिजे. ५१.६ टक्के मते होकाराची पडूनही ती अट पुरी झाली नाही व बदल थांबला. १९९७ साली पुन्हा विचारले, तेव्हा ७४.३ टक्क्यांनी होकार दिला आणि विधिमंडळ स्थापन झाले. अठरा वर्षे थांबावे लागले खरे, पण जे झाले ते भक्कम पायावर झाले.

हा विचार परका आहे असे कोणी समजू नये. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या गावगाड्यातही तो कायद्याने आलेला आहे. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांचे मतदान होते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे शब्द आपल्या माताभगिनींना चांगले परिचित आहेत. २००८ च्या शासकीय आदेशानुसार तेथे आलेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. गोव्याच्या कौलाला हीच कसोटी लावली असती, तर दोन्हींपैकी एकही बाजू जिंकली नसती, कारण दोन पानांची मतेही एकूण मतदारांच्या निम्म्याहून कमीच होती. एका दुकानाला टाळे ठोकण्यास जेवढी संमती लागते, तेवढीही एका प्रदेशाचे भवितव्य ठरवण्यास मागितली गेली नव्हती! सरपंचाविरुद्धचा अविश्वासाचा ठरावही साध्या बहुमताने मंजूर होत नाही. संविधानाच्या दुरुस्तीसाठी कलम ३६८ प्रमाणे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत व उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात, आणि काही दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांची मान्यताही लागते.

याहूनही जुना दाखला आपल्या डोंगरात आहे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी येथील लेण्यांतून जो भिक्षुसंघ राहिला, त्याचा कारभार विनयाच्या नियमांनी चाले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान हे सारे भिक्षुसंघाला ठाऊक होते. संघात वाद मिटत नसे तेव्हा शलाका घेऊन बहुमत पाहण्याची रीत होती. परंतु चुल्लवग्गात त्या रीतीला मर्यादाही घातल्या आहेत. अधर्माची बाजू घेणारे संख्येने अधिक आहेत हे ठाऊक असताना, किंवा मतदानाने संघात फूट पडेल हे दिसत असताना घेतलेली शलाका अवैध मानली जाई. संख्या हे साधन आहे, धम्म नव्हे, हे तथागतांच्या संघाने अडीच हजार वर्षांपूर्वीच जाणले होते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मोठ्या बहुमताची अट घातली तर जुनी व्यवस्था टिकून राहते आणि जुनी व्यवस्था तर आमच्या मानेवरचे जू होती. मग ही अट आमच्याच मुळावर येणार नाही काय? याचे उत्तर महाडने दिले आहे. महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. १९२७ च्या मार्चमध्ये आपल्या लोकांनी त्या तळ्याचे पाणी घेतले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. बहुमताने दिले, बहुमताने काढून घेतले! अखेर १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल लागला, तो डोकी मोजून नव्हे. म्हणूनच माणसाचे मूलभूत हक्क मोजणीच्या पलीकडे ठेवावे लागतात. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ती गावोगाव सार्वमत घेऊन नव्हे. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, त्याही सार्वमताने नव्हे. ज्या प्रश्नावर अल्पसंख्याकाची माणुसकी टांगलेली आहे, तो प्रश्न काठावरच्याच काय, प्रचंड बहुमतापुढेही ठेवू नये. राजकीय बहुमत बदलू शकते, जातीय बहुमत जन्माने ठरलेले असते, हा भेद बाबासाहेबांनी १९४५ सालीच दाखवून दिला होता.

तेव्हा आमचे म्हणणे तीन वाक्यांत सांगता येईल. फेरता येणाऱ्या निर्णयाला साधे बहुमत पुरे. न फेरता येणाऱ्या बदलाला स्पष्ट प्रश्न, मोठे बहुमत आणि थांबून पुन्हा विचारण्याची तयारी हवी. आणि माणसाच्या हक्काला मोजणीच नको.

हा न्याय आपण दुसऱ्यांकडून मागतो, तसा तो आपल्या वस्तीतही पाळला पाहिजे. वस्तीतील वीस घरांपैकी अकरांनी दीक्षा घेतली, तर उरलेल्या नऊ घरांवर ती लादण्याचा अधिकार त्या अकरांना नाही. एकोणीस घरांनी घेतली तरी विसाव्यावर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखोंच्या समुदायाने हात वर करून बहुमताचा ठराव केला नव्हता. प्रत्येकाने स्वतःच्या मुखाने प्रतिज्ञा उच्चारल्या होत्या. जे घर अजून जुन्या देव्हाऱ्यात अडकले आहे, त्याचे पाणी तोडू नका, त्याच्या लग्नाकार्याला जाणे सोडू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जातपंचायतीला लागू आहे, तसा आपल्यालाही लागू आहे. कायदा नसता तरी धम्माने हेच सांगितले असते.

आणि ग्रामसभेला जा. आपली घरे थोडी आहेत म्हणून घरी बसू नका. ठराव मांडला जाईल तेव्हा विचारा की, हा निर्णय उद्या फिरवता येईल काय, आणि याने कोणाचा हक्क जातो काय. आपला विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. पाच मुखे एक बोलली तरी सहाव्या मुखाला बोलण्याचा अधिकार आहे, आणि तो संविधानाने दिलेला आहे.

जय भीम!