परळची वारी

खानदेशात शौचावाटे रक्त पडू लागले की त्याला मूळव्याध म्हणून मोकळे होण्याची सवय अजून गेलेली नाही. महिनोन्महिने चूर्णे आणि जडीबुटी चालते. मोठ्या आतड्याचा कर्करोग उघडकीस येतो, तोवर तो कुणाच्या यकृतात, कुणाच्या फुप्फुसात पोचलेला असतो. मग उरते परळचे टाटा रुग्णालय.

फुप्फुसातील गाठी मोजक्या असल्या तर कापून काढता येतात. मात्र पुष्कळदा डॉक्टर आधी काही महिने केमोथेरपी देतात. गाठी आक्रसतात, की तेवढ्या अवधीत नव्या उगवतात, हे पाहिल्यावाचून छाती उघडणे त्यांना रास्त वाटत नाही. हा सावधपणा योग्यच आहे. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढतेच, असे अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही. ब्रिटनमधील ‘पल्मिक’ चाचणीला अवघे ९३ रुग्ण मिळाले आणि शस्त्रक्रिया न झालेलेही अपेक्षेहून अधिक जगले.

पण हे महिने रावेरच्या केळीबागेतील मजुराने काढायचे कसे? दर दोन-तीन आठवड्यांनी सलाईन, प्रत्येक वेळी आधी रक्ततपासणी, म्हणजे पुन्हा मुंबईची गाडी. ऑक्झॅलिप्लाटिनने बोटांना मुंग्या येतात, गार पाण्याचा स्पर्श सोसवत नाही. त्या बोटांनी कापूस वेचणार कोण? राज्याची आरोग्यविमा योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत धुळे होते. आज महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी ती योजना उपचारांचा बराच भार उचलते. बुडालेला रोज मात्र भरून देत नाही. आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या माणसाला मध्यरात्री ताप भरला, तर प्रतिजैविक तातडीने मिळावे लागते. परळ तेव्हा चारशे किलोमीटरांहून दूर असते.

शस्त्रक्रिया परळलाच होवो, त्याबद्दल वाद नाही. ठरवून दिलेले औषध शिरेतून देण्यासाठी आणि ताप सांभाळण्यासाठी मात्र धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१८ पासून जळगावलाही आहे. तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडू, असे २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने सांगितले. दारावर फलक लावणे त्यातले सर्वांत सोपे काम. कार्यकर्त्यांनी दोन्ही ठिकाणी जाऊन विचारावे: प्रशिक्षित परिचारिका किती, औषधसाठा कधी खंडतो, आणि रात्री ताप आल्यास रुग्णाने कोणाचे दार ठोठवायचे?