संतांचे चेहरे, खेळातील बक्षिसे आणि कुलूपबंद चित्रे

हिंजवडी (ता. मुळशी) : मुळशी तालुक्याच्या एका टोकाला टाटांचे धरण आणि ताम्हिणीचा घाट, तर दुसऱ्या टोकाला हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान. या उद्यानातून देहू गाठायचे, तर वाहतुकीने कृपा केल्यास तासाभराचाही रस्ता नाही. संगणकाच्या पडद्यासमोर दिवस काढणारी हजारो तरुण मंडळी आणि तुकोबांचे गाव एकमेकांच्या इतके जवळ असताना, या तरुणांना संतांची चित्रे मात्र सातासमुद्रापलीकडच्या संग्रहालयांतून अधिक सहजपणे मिळावीत, ही विसंगती लक्षात आली ती एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीमुळे. ती गोष्ट म्हणजे ऑनलाइन खेळणाऱ्यांच्या समुदायांत चालणारे 'गिव्हअवे'.

ज्यांना या जगाची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. संगणकावरील खेळ आता तबकडीवर विकत घेतले जात नाहीत. 'स्टीम'सारख्या विक्रीमंचावर एक सांकेतिक क्रमांक भरला, की खेळ आपल्या खात्यात जमा होतो. अनेक खेळ गठ्ठ्याने स्वस्तात विकले जातात. त्यांतील काही आपल्याकडे आधीच असतात, काही नको असतात. असे उरलेले क्रमांक खेळाडू आपल्या समुदायात वाटून टाकतात. कधी केवळ चिठ्ठी काढून, तर कधी कोडे घालून. कोड्याला एखादे सूत्र असते. जुने चित्रपट, पक्षी, गाड्या आणि अलीकडे संतांची चित्रे. चित्र दाखवायचे, संत कोण ते ओळखायचे, अचूक ओळखणाऱ्यास खेळ भेट. पैसा कोणीच कोणाला देत नाही.

युरोपीय चित्रकलेत हा खेळ उत्तम रंगतो, कारण तेथे प्रत्येक संताची खूण ठरलेली आहे. हातात किल्ल्या असतील तर तो पीटर, मोडके चाक असेल तर कॅथरीन, अंगात बाण रुतलेले असतील तर सेबॅस्टियन, पायाशी सिंह बसला असेल तर जेरोम, तबकात दोन डोळे असतील तर ल्युसी. निरक्षर भाविकालाही चर्चच्या भिंतीवरील संत ओळखता यावा, यासाठी ही चित्रभाषा घडली. आज तीच एखाद्या खेळाडूच्या कोड्याला उपयोगी पडते.

आपल्याकडे अशी चित्रभाषा नाही, असे कोणी समजू नये. चिखल तुडवणारे गोरोबा, हातात खुरपे घेतलेले सावता माळी, तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणारे नामदेव, जात्यावर बसलेली जनाबाई आणि तिला हात लावणारा विठ्ठल, तहानलेल्या गाढवाला पाणी पाजणारे एकनाथ, आरसा धरलेले सेना महाराज, कुबडी घेतलेले रामदास. मुळशीतील कोणत्याही गावच्या विठ्ठलमंदिरात चौकटीतल्या तसबिरी पाहा. नाव वाचण्याची गरज पडत नाही. त्यामुळे असे कोडे मराठीत घालता येणार नाही, हा समज चुकीचा आहे. अडचण कोडे घालण्याची नाही, चित्रे मिळण्याची आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी एका आक्षेपाचा विचार करायला हवा, कारण तो हमखास घेतला जातो.

संतांचे चित्र खेळात, तेही बक्षिसाच्या आमिषासाठी वापरणे हा अवमान नव्हे काय, असा तो आक्षेप. परंपरा पाहिली, तर याचे उत्तर देणे कठीण नाही. सापशिडीचा पूर्वज मानला जाणारा मोक्षपट महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांच्याच नावाने सांगितला जातो. त्यांनी तो रचल्याचा समकालीन पुरावा नाही, आणि ज्ञात जुने पट साधारणतः अठराव्या शतकापासूनचे आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पुण्यातील अभ्यासकांनी मराठी मोक्षपटांचा शोध घेतला आहे. पश्चिम भारतातील अशा पटांवर कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ मध्ये प्रबंधही सादर केला. कर्ता कोणीही असो, सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असलेला हा खेळ एका संताच्या नावावर जमा करताना मराठी समाजाला काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. सावंतवाडीच्या गंजिफांचेही तसेच. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. मत्स्य, कूर्म, वराह हातात धरून लोक डाव मांडत आणि हरतही. त्यात कोणाला देवाची विटंबना दिसली नाही.

फुकट वाटपाचा इतिहासही असाच जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू केली आणि देवदेवतांची व इतिहासपुरुषांची छापील चित्रे सामान्यांच्या भिंतीवर आली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे मुळशीच्या शेजारच्या मावळात, मळवलीला आला. तेथील तैलरंगी छपाईची चित्रे घरोघर पोहोचली. १९७२ च्या आगीत त्या छापखान्याची मोठी हानी झाली. दरम्यान साबणवाले, बाळांचे अन्न विकणारे आणि मँचेस्टरचे कापडवाले यांनी देवादिकांच्या चित्रांचा मुक्तहस्ते उपयोग केला. मालाबरोबर दिनदर्शिका फुकट, आणि दिनदर्शिकेवर देव. वर्ष संपल्यावर तारखांचा भाग कापून वरचे चित्र चौकटीत घालणारी घरे अनेकांनी पाहिली असतील. आजचा 'गिव्हअवे' म्हणजे त्याच व्यवहाराचे नवे रूप. फरक एवढाच, की तेव्हा चित्र बक्षीस होते, आता ते कोडे झाले आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही परिस्थिती पुरेशी स्पष्ट आहे. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचे नाव वा चित्र व्यापारासाठी वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांसंबंधीच्या कायद्याने निर्बंध आहेत. वारकरी संतांची नावे त्या यादीत नाहीत. अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावावर एकट्याची मालकी सांगता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे, पण त्यासाठी हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेले कृत्य लागते. राहता राहिला जुगाराचा प्रश्न. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याचा रोख, खेळाडूने पैसे वा अन्य काही पणाला लावून लाभाच्या आशेने खेळलेल्या खेळांवर आहे. पदरचे काहीही न लावता कोडे सोडवून मिळालेली भेट ही वेगळी बाब होय. मात्र 'फुकट' भेटीच्या बदल्यात कोणी दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख, मित्रांची यादी मागू लागला, तर ती भेट फुकट नसते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. संतांच्या अवमानाची चिंता वाहणाऱ्यांनी या बाजूकडेही पाहिले, तर बरे होईल.

आता मूळ अडचणीकडे. युरोपीय संतांची चित्रे कोड्यांत इतक्या सर्रास दिसतात, ती केवळ तेथील कलेच्या थोरवीमुळे नव्हे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ पासून आपल्या संग्रहातील उत्तम दर्जाच्या प्रतिमा लोकांना उतरवून घेण्यास व वापरण्यास खुल्या केल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे पावणेचार लाख प्रतिमा कोणत्याही अटीशिवाय मोकळ्या केल्या. परवानगीचा अर्ज नाही, शुल्क नाही, चित्रावर आडवा शिक्का नाही. हिंजवडीतील एखाद्या तरुणाने रात्री अकरा वाजता कोडे रचायला घेतले, तर सेंट जेरोम त्याच्यासमोर पाच मिनिटांत हजर होतो. गोरोबा काकांचे शंभर वर्षांपूर्वीचे छापील चित्र त्याला हवे असेल, तर ते खासगी संग्राहकाकडे, लिलावगृहाच्या यादीत किंवा कोणी भ्रमणध्वनीवर टिपलेल्या, काचेवरील चकाकी पडलेल्या छायाचित्रात शोधावे लागते.

आपल्याकडे काहीच झालेले नाही, असे नाही. संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी व प्रतिमा संगणकावर आणण्यासाठी 'जतन' ही प्रणाली पुण्याच्याच सी-डॅकने तयार केली आणि तिच्या आधारे राष्ट्रीय संग्रहालयांचे संकेतस्थळ उभे राहिले. मात्र पाहण्याची मुभा आणि पुन्हा वापरण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथ संगणकावर आणून खुले केले. हे काम स्तुत्य आहे. चित्रे मात्र या विचारातून सुटली. मजकुराला आपण वारसा मानतो आणि छापील चित्राला बाजारू वस्तू, हा जुना शिष्टपणा त्यामागे असावा.

कोणते चित्र मुक्त आहे आणि कोणते नाही, याचा हिशेबही फारसा कोणी मांडत नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो व त्यानंतरच्या १ जानेवारीस कृती सर्वांची होते. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, म्हणजे त्यांच्या कृती केव्हाच मुक्त झाल्या. दीनानाथ दलाल यांचे निधन १९७१ चे, त्यांची चित्रे २०३२ मध्ये खुली होतील. ज्यांच्या देवादिकांच्या चित्रांनी मराठी घरांच्या भिंती दोन पिढ्या सजवल्या, ते रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्यासाठी २०३७ उजाडावे लागेल. एस. एम. पंडित यांच्यासाठी थेट २०५४. हक्काचा हा काळ कलावंताच्या वारसांसाठी न्याय्य आहेच. तक्रार त्याबद्दल नाही. जे मुक्त झाले आहे, तेही वापरण्याजोग्या रूपात कोणी उपलब्ध करून देत नाही, ही तक्रार आहे.

या संदर्भात आँजेलो द फोन्सेका यांचे उदाहरण बोलके आहे. १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेला, शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार. मेरीला साडी नेसवून, ख्रिस्ती संतांना भारतीय मातीत आणून त्याने रंगवले. गोव्यात त्यावर रोष ओढवला आणि पुण्यातील ख्रिस्तप्रेमसेवा संघाच्या आश्रमात त्याला आसरा मिळाला. १९६७ मध्ये तो निवर्तला. त्याची बरीच चित्रे आज गोव्यातील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आहेत. पुण्यात राहून संतांची चित्रे काढणाऱ्या या माणसाचे नाव पुण्याच्या किती रहिवाशांना ठाऊक आहे? १ जानेवारी २०२८ रोजी त्याच्या चित्रांवरील स्वामित्वहक्काची मुदत संपेल.

चित्रे उपलब्ध नसली, की पोकळी रिकामी राहत नाही. ती दुसरे कोणी भरते. तुकाराम म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जो चेहरा येतो, तो विष्णुपंत पागनीस यांचा आहे. पुण्याच्या 'प्रभात'ने १९३६ मध्ये काढलेल्या, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम'ने हा चेहरा मनामनांत इतका रुजवला, की पुढच्या अनेक तसबिरी त्याच वळणावर गेल्या. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, चोखामेळा यांची तर हयातीतील चित्रेच उपलब्ध नाहीत. म्हणजे आपण ज्यांना संतांचे चेहरे म्हणतो, ते कलावंतांचे अन्वयार्थ आहेत. पागनीसांच्या चेहऱ्यामागे निदान एका नटाची साधना होती. आज चित्र सापडले नाही, तर यंत्राला आज्ञा देऊन ते बनवले जाते. आणि यंत्र काय देते? पिळदार दंड, मागे सोनेरी प्रकाश, एकसारखे नाकडोळे. गोरोबा आणि सावता यांच्यात फरक उरतो तो खालच्या नावापुरता. ज्या खुणांनी आपण त्यांना ओळखत होतो, तो चिखल, ते खुरपे, त्यांचे कष्ट, हेच नेमके गळून पडते.

यातही एक असमानता आहे आणि ती यंत्राने निर्माण केलेली नाही. मराठी संतांचे कोडे खरोखरच घालायचे ठरवले, तर आठ-दहा नावांनंतर गाडी अडते. सोयराबाईंची खूण कोणती? निर्मळेची? कर्ममेळ्याची? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना किती जण चित्रावरून ओळखतील? त्यांचे अभंग आहेत, परंतु छापखान्यांच्या आणि दिनदर्शिकांच्या बाजारात त्यांना फारशी जागा मिळाली नाही. ज्याचे चित्र खपते त्याचे छापायचे, हा बाजाराचा नियम होता आणि त्या नियमात समाजाची उतरंड मुरलेली होती. अस्सल जुन्या चित्रांचा खुला संग्रह निर्माण झाला, तर ही उणीव भरून निघणार नाही, पण ती उघडपणे दिसू तरी लागेल. कोणाची किती चित्रे निघाली आणि कोणाचे एकही निघाले नाही, याची मोजदाद होऊ शकेल.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागणार नाही. पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, चित्रपट संस्था आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 'जतन' घडवणारे सी-डॅक आहे. मुळशीत लवळे परिसरात दोन खासगी विद्यापीठे आहेत, जेथे हजारो विद्यार्थी संवादमाध्यमे आणि संगणकशास्त्र शिकतात. पौडच्या पलीकडच्या खेड्यांतील देवळांत व घरांत जुन्या छापील तसबिरी अद्याप भिंतींवर आहेत. दमट हवेने आणि वाळवीने त्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या जातात, आणि देवळाचा जीर्णोद्धार झाला, की फरशीबरोबर तसबिरीही नव्या येतात. चौकट न उघडता, काचेवरील चकाकी टाळून चित्र कसे टिपावे, खाली छापखान्याचे नाव असल्यास ते कसे नोंदवावे, हे एका दुपारी शिकवता येण्याजोगे काम आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी ते एका गावापुरते झाले, तरी सुरुवात होईल.