विश्लेषण : सांगवीचा ऋतुराज २० लाखांत, आता नवख्यांना १४ कोटी… तरुण खेळाडूंवर डाव लावताना संघांचे गणित कुठे चुकते?

अबू धाबीत १६ डिसेंबर २०२५ रोजी झालेल्या आयपीएल लिलावात चेन्नई सुपर किंग्जने दोन तरुणांवर प्रत्येकी १४ कोटी २० लाख रुपये लावले. उत्तर प्रदेशचा प्रशांत वीर २० वर्षांचा आणि राजस्थानचा कार्तिक शर्मा १९ वर्षांचा. दोघांनीही भारतासाठी एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नव्हता आणि दोघांचीही मूळ किंमत होती ३० लाख. अशा, म्हणजे ‘अनकॅप्ड’, खेळाडूंसाठी इतकी मोठी बोली यापूर्वी कधीच लागली नव्हती. याच चेन्नईने सात वर्षांपूर्वी पिंपरी-चिंचवडमधील जुन्या सांगवीच्या ऋतुराज गायकवाडला २० लाखांत घेतले होते. पुढे त्याच्याकडेच संघाचे कर्णधारपद आले. मग कोवळ्या वयातील खेळाडूचा अंदाज नेमका कशावरून बांधायचा? आणि तो इतक्या वेळा का चुकतो?

जयपूरच्या त्या लिलावात काय घडले?

ऋतुराजची बोली लागली ती १८ डिसेंबर २०१८ रोजी जयपूरमध्ये. त्या दिवशी चर्चा त्याची नव्हतीच. चर्चा होती तमिळनाडूचा फिरकीपटू वरुण चक्रवर्तीची. २० लाख मूळ किंमत असलेल्या वरुणला पंजाबने ८ कोटी ४० लाखांना घेतले. बंगालचा लेगस्पिनर प्रयास राय बर्मन तेव्हा १६ वर्षांचा होता. त्याच्यासाठी बेंगळूरुने दीड कोटी मोजले.

पुढचा हंगाम आला. वरुणच्या आयपीएलमधील पहिल्याच षटकात २५ धावा निघाल्या. त्यात दुखापतीची भर पडली आणि पंजाबकडून तो तेवढा एकच सामना खेळला. हंगाम संपल्यावर पंजाबने त्याला सोडले. प्रयासने हैदराबादविरुद्ध चार षटकांत ५६ धावा दिल्या. तोही एकच सामना, पण त्याला आयपीएलमध्ये पुन्हा संधी मिळाली नाही. ऋतुराजला २०१९ मध्ये एकही सामना मिळाला नाही.

पुढे वरुणला कोलकात्याने ४ कोटींत घेतले. २०२० मध्ये त्याने १७ बळी टिपले आणि नंतर तो भारताकडून खेळला. पंजाबचे निरीक्षक खेळाडू ओळखण्यात चुकले नव्हते. त्याच्यासाठी थांबायला मात्र ते तयार नव्हते. लिलावाच्या चर्चेत ‘पारख’ या शब्दाला नको तेवढे महत्त्व मिळते ते असे.

ऋतुराजला संधी केव्हा मिळाली?

ऋतुराजचे वडील डीआरडीओमध्ये, आई शिक्षिका. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत तो शाळकरी वयापासून घडला. ऑक्टोबर २०१६ मध्ये, १९ व्या वर्षी, तो महाराष्ट्राकडून रणजी सामना खेळला. लिलावात नाव पुकारले गेले तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि आयपीएलचा पहिला सामना खेळायला त्याला २३ वे वर्ष उजाडले.

तो पहिला सामनाही फार गोड आठवणीचा नाही. २०२० च्या हंगामाआधी दुबईत त्याला करोनाची लागण झाली आणि सरावाचे दिवस विलगीकरणात गेले. २२ सप्टेंबरला शारजात राजस्थानविरुद्ध तो शून्यावर बाद झाला. पुढच्या सामन्यात ५ धावा, मग संघाबाहेर, आणि परत आल्यावर पुन्हा शून्य. तीन डावांत पाच धावा! दरम्यान, संघातील तरुणांमध्ये ‘स्पार्क’ दिसला नाही, असे महेंद्रसिंह धोनी म्हणून गेला. त्यावर समाजमाध्यमांत काय गदारोळ उठला, हे अनेकांना आठवत असेल.

आणि नेमके इथेच एक गोष्ट ऋतुराजच्या पथ्यावर पडली. चेन्नई त्या वर्षी पहिल्यांदाच बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर पडत होती. उरलेल्या सामन्यांत हरले काय नि जिंकले काय, फरक पडणार नव्हता. त्याला सलग खेळवले गेले. बेंगळूरुविरुद्ध नाबाद ६५, कोलकात्याविरुद्ध ७२, पंजाबविरुद्ध नाबाद ६२ असे तीन सामने आणि तिन्हींत सामनावीर. २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा करून ऑरेंज कॅप मिळवली आणि चेन्नईने विजेतेपद. त्यानंतर संघाने त्याला ६ कोटींत कायम ठेवले, २१ मार्च २०२४ रोजी कर्णधार केले आणि २०२५ साठी १८ कोटी मोजले.

संघ जिंकत असता आणि त्याच्यावर आठ कोटी लागलेले असते, तर शून्य, पाच, शून्य या आकड्यांनंतर तो चौथा डाव मिळाला असता का? अवघडच होते. २० लाखांच्या खेळाडूकडून कोणी उत्तर मागत नाही. त्याच्या अपयशाचा खर्च संघाला परवडतो.

अमेरिकेत हाच वाद दरवर्षी का रंगतो?

हा प्रश्न एकट्या क्रिकेटचा नाही. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये दर एप्रिलमध्ये ‘ड्राफ्ट’ होतो. तिथे बोली नसते. आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला महाविद्यालयीन खेळाडूंमधून पहिली निवड करण्याचा हक्क मिळतो. चाहत्यांचे भांडण मुख्यतः एकाच जागेवरून होते, ती म्हणजे क्वार्टरबॅक. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे द्यायचा, हे त्यालाच क्षणात ठरवावे लागते. सलामीवीर आणि कर्णधार एकाच माणसात असावेत, तसे काहीसे. मैदानावर तो एकटाच असल्यामुळे राखीव क्वार्टरबॅकला फक्त बघत बसावे लागते.

तिथला इतिहास आपल्या जयपूरसारखाच आहे. टॉम ब्रेडीला २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडले गेले आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. २००७ मध्ये ओकलंडने अगदी पहिल्या क्रमांकावर घेतलेला जामार्कस रसेल तीन हंगामांत लीगबाहेर गेला. ॲरन रॉजर्स तीन वर्षे ब्रेट फार्वच्या मागे बसला, पॅट्रिक माहोम्स जवळपास एक पूर्ण हंगाम ॲलेक्स स्मिथच्या मागे. दोघेही पुढे महान ठरले. म्हणून ‘पोरांना आधी बसवा’ असे म्हणणाऱ्या चाहत्यांचा मोठा पंथच तिथे तयार झाला आहे.

पण त्या पंथालाही पेटन मॅनिंगचे उदाहरण अडचणीचे ठरते. १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवड झाल्यावर तो पहिल्या सामन्यापासून खेळला. त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले आणि संघ १६ पैकी १३ सामने हरला. तरी इंडियानापोलिसने त्याला हलवले नाही. उलट, २०१८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला सॅम डार्नोल्ड तीन हंगामांनंतर दुसऱ्या संघाकडे गेला, फिरत फिरत मिनेसोटात पोहोचला आणि तिथे २०२४ मध्ये त्याच्या संघाने १४ सामने जिंकले. तेव्हा बसवले की खेळवले, हा प्रश्न दुय्यम आहे. खेळाडू अपयशी ठरत असताना संघ त्याला किती काळ सांभाळून घेतो, यावर बरेच काही ठरते.

भारतातही ‘ड्राफ्ट’ झाला होता?

हो. आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, २००८ मध्ये, १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या संघातील मुलांची वाटणी बोलीऐवजी ड्राफ्टने झाली होती. दिल्लीने आपल्याच शहराचा विराट कोहली सोडला आणि डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला. सेहवाग आणि गंभीर हाताशी असताना आणखी फलंदाज कशाला, हे तेव्हाचे गणित तसे बरोबरच होते. कोहली बेंगळूरुकडे गेला आणि तिथेच राहिला. आजची गरज पाहून १९ वर्षांच्या मुलाची निवड केली की असे होते.

मोठी रक्कम तरुणाला मदत करते की अडचणीत आणते?

पैसा मिळाला तर वाईट काय, असे कोणीही म्हणेल, आणि खेळाडूच्या घरासाठी ते खरेही आहे. १४ कोटींतून दोन पिढ्यांची चिंता मिटते. पण ड्राफ्ट आणि लिलाव यांतला फरक इथे कळतो. एनएफएलमध्ये २०११ पासून नवख्याचे मानधन निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेले असते. आयपीएलमध्ये दोन संघ इरेला पेटले की किंमत वाढत जाते. मग त्या किमतीचा खेळाडूच्या तयारीशी फारसा संबंध उरत नाही. कोणाच्या खिशात किती शिल्लक होते, याच्याशी असतो.

चेन्नईचा पूर्वेतिहास मात्र थोडा वेगळा आहे. २०२१ मध्ये त्यांनी कृष्णप्पा गौतमला ९ कोटी २५ लाखांत घेतले, एकही सामना खेळवला नाही आणि तरी विजेतेपद पटकावले. महागडा खेळाडू बाकावर बसवायला हा संघ कचरत नाही, एवढे तरी त्यातून दिसते. अर्थात गौतम तेव्हा तिशी ओलांडलेला होता. १९ वर्षांच्या कार्तिकसाठी वर्षभर बाकावर बसणे ही वेगळी परीक्षा असेल.

दुसऱ्या टोकाला पृथ्वी शॉ आहे. २०१८ मध्ये विश्वविजेत्या युवा संघाचा कर्णधार, दिल्लीकडून १ कोटी २० लाखांची बोली, लगेच संघात जागा आणि त्याच वर्षी कसोटी पदार्पणात १३४. सगळे १९ वर्षे पूर्ण होण्याआधी. नोव्हेंबर २०२४ च्या मोठ्या लिलावात मात्र ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही त्याला कोणी घेतले नाही. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला, तिथे त्याने रणजीत द्विशतक केले आणि डिसेंबरात दिल्लीनेच त्याला ७५ लाखांत परत बोलावले. वय तेव्हा २६. म्हणजे ऋतुराज कर्णधार होण्याच्या सुमारास जेवढ्या वयाचा होता, जवळपास तेवढेच.

बालेवाडीतील कबड्डीचा मार्ग कोणता?

क्रिकेटच्या झगमगाटात एक उदाहरण दुर्लक्षिले जाते. प्रो कबड्डीत लिलावाबाहेर नव्या तरुण खेळाडूंना घेण्याची सोय आहे. पुणेरी पलटणने तिचा चांगला उपयोग केला. आपल्या युवा पलटणमधून अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशी मुले एकत्र वाढवली. डिसेंबर २०२२ मध्ये हा संघ अंतिम सामना जयपूरकडून हरला. संघ मोडला नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा अस्लम कर्णधार होता. पुढच्या हंगामात तो गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. बरा होऊन परतल्यावर कर्णधारपद त्याच्याकडेच होते आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती.

पिंपरी-चिंचवडच्या पालकांसाठी याचा अर्थ काय?

भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत पाळीत काम करून मुलाला पहाटे नेटवर सोडणारे पालक या पट्ट्यात कमी नाहीत. फिरकीपटू विकी ओस्तवालसाठी त्याच्या घरच्यांनी लोणावळा सोडून चिंचवडला बिऱ्हाड हलवले. तोही थेरगावच्या अकादमीतला. २०२२ मध्ये युवा विश्वचषक जिंकून आल्यावर दिल्लीने त्याला २० लाखांत घेतले. ऋतुराज आणि विकी यांची नावे परिसरातल्या प्रत्येक नेटवर ऐकू येतात.

आकडे मात्र कठोर आहेत. २०२४ च्या मोठ्या लिलावासाठी १५७४ खेळाडूंनी नावे नोंदवली, अंतिम यादीत ५७७ आले आणि बोली लागली १८२ जणांवर. त्यात परदेशीही आले. त्यातच बिहारच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थानने १३ व्या वर्षी १ कोटी १० लाखांना घेतले आणि १४ व्या वर्षी त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. तेव्हापासून ‘आमचा तर पंधराचा झाला, अजून कुठेच नाही’ अशी घालमेल पालकांमध्ये सुरू झाली तर नवल नाही. पंधराव्या वर्षी ऋतुराजही कुठेच नव्हता. जिल्हा, वयोगट, रणजी या पायऱ्या चढायला त्याला वेळ लागला आणि आधी अपयश येऊन गेले तेही तिथेच, कोणी कॅमेरा लावलेला नसताना. आता गहुंजेच्या मैदानावर २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग भरते. सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी तिथल्या पहिल्याच हंगामातील शतकाने प्रकाशात आला आणि सहा महिन्यांत लखनौच्या यादीत गेला. वाट छोटी झाली आहे, त्याबरोबर चुका लपवायची जागाही कमी झाली आहे.

पुढे काय?

एप्रिल २०२५ मध्ये ऋतुराज कोपराच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. त्याच्या जागी ३० लाखांत आलेला १७ वर्षांचा आयुष म्हात्रे पहिल्याच सामन्यात १५ चेंडूंत ३२ धावा करून गेला आणि पुढे बेंगळूरुविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. चेन्नई त्या वर्षी तळाला होती, म्हणजे पुन्हा तीच २०२० ची स्थिती. चेन्नईने म्हात्रेला कायम ठेवले आणि संजू सॅमसनला आणूनही २०२६ साठी कर्णधारपद ऋतुराजकडेच ठेवल्याचे जाहीर केले. प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा यांच्या हाताशी तीन वर्षांच्या चक्रातले दोनच हंगाम आहेत, २०२६ आणि २०२७. त्यानंतर मोठा लिलाव होईल आणि प्रत्येक संघाला मोजकेच खेळाडू राखता येतील. ऋतुराजने पहिले दोन हंगाम संपवले तेव्हा त्याच्या नावावर सहा सामने होते.