इंजिन बदलले, मालकीही बदलली

१५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत, अंधेरीच्या आगरकर चौकातून सिप्झकडे जाणाऱ्या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर, नियमित सेवेतील अखेरची डिझेलची दुमजली बस धावली आणि १९३७ साली सुरू झालेले एक पर्व संपले. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरील वातानुकूलित दुमजली बस दक्षिण मुंबईत सुरू झालेली होती. डिझेल गेले, वीज आली, एवढेच जनतेला सांगण्यात आले. इंजिनाबरोबर आणखी काय बदलले, याविषयी मात्र मौन पाळले गेले.

विजेच्या मोटारीला कामगारवर्गाने विरोध करण्याचे कारण नाही. डिझेलचा धूर प्रथम जातो तो थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाच्या आणि दिवसभर इंजिनाशेजारी बसणाऱ्या चालकाच्या छातीत. प्रश्न यंत्राचा नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे, हा आहे.

जुनी दुमजली बस बेस्ट उपक्रमाची, म्हणजे मुंबईच्या जनतेची होती. नवी बस भाड्याची आहे. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, दुरुस्तीही त्याची. त्याला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरमागे. गाडी रिकामी गेली तर तोटा उपक्रमाच्या माथी. जोखीम सार्वजनिक आणि नफा खाजगी, हे भांडवलशाहीचे जुनेच सूत्र येथे नव्या इंजिनावर चढविले आहे. यातून प्रवाशाला स्वस्ताई लाभली म्हणावे, तर मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले.

यातील विपर्यास पाहा. बेस्ट ही मुळातच वीज पुरविणारी संस्था. विजेवरची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. ऑगस्ट १९४७ मध्ये ही कंपनी महापालिकेच्या मालकीची झाली आणि १९६४ साली ट्राम बंद होईपर्यंत विजेवरील वाहने चालविण्याचे कसब तिच्या कामगारांच्या हाती होते. त्याच उपक्रमाने आता विजेची बस भाड्याने घ्यावी!

याचे मोल श्रमिक मोजत आहेत. ऑगस्ट २०२३ च्या प्रारंभी कंत्राटी चालकांनी वेतनवाढीसाठी संप केला आणि शेकडो बसगाड्या आगारांतच उभ्या राहिल्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील विजेची बस गर्दीत घुसून माणसे प्राणास मुकली, तेव्हा चालकाला या गाडीचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते काय, हा प्रश्न पुढे आला. कंत्राटदाराच्या हिशेबात प्रशिक्षणाचा प्रत्येक दिवस हा खर्चच असतो.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नव्हे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतील १०,००० विजेच्या बसगाड्याही खाजगी भागीदारीतूनच यावयाच्या आहेत. म्हणून शहरोशहरीच्या परिवहन कामगारांनी व प्रवाशांनी एकत्र येऊन मागणी केली पाहिजे: केंद्राचे अनुदान थेट सार्वजनिक उपक्रमांना द्या, विजेच्या बसगाड्या उपक्रमांच्या मालकीच्या असू द्या, कंत्राटी चालकांना कायम करा आणि समान कामाला समान वेतन द्या. इंजिन कोणतेही असो, बस जनतेचीच राहिली पाहिजे.