अकरा सप्टेंबर आणि गागोदे

११ सप्टेंबर म्हटले की आज जगाला २००१ सालचे न्यूयॉर्कचे कोसळणारे मनोरे आठवतात. त्या दिवशी हजारो निरपराध माणसे प्राणास मुकली. त्या स्मृतीला कोणी उणे लेखू नये. परंतु एका तारखेवर एकाच घटनेची मालकी का असावी? १९७३ साली याच दिवशी चिलीत लष्कराने जनतेने निवडून दिलेले समाजवादी सरकार उलथले आणि राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचा अंत झाला. १९०६ साली याच दिवशी जोहान्सबर्गच्या सभेत गांधीजींसह हिंदी लोकांनी आशियाई नोंदणीचा जुलमी कायदा न पाळण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा उगम तो.

पेण-रोह्याच्या कार्यकर्त्यांना तर ही तारीख घरचीच आहे. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली विनोबा जन्मले तेही याच दिवशी. आणीबाणीत ‘अनुशासन पर्व’ हा शब्द त्यांच्या नावे गाजला व तुरुंगातील समाजवाद्यांना बोचला. दानाने जमिनीचा प्रश्न सुटत नाही, हेही खरेच. तथापि १९५१ साली पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी जमीन मागावयास निघाले ते विनोबाच. त्यांच्याच तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी, जयंतीनंतर दहाच दिवसांनी, २२ गावांतील शेतकऱ्यांना विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर मत नोंदवावे लागले! धाटावच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्या रोहेकरांना या प्रश्नाची धग निराळी सांगावयास नको. येत्या ११ सप्टेंबरला गागोद्यात सभा भरवावी आणि तीत चिलीबरोबर या २२ गावांचाही विषय घ्यावा.