बाबा धावत सुटले



'दाखला' म्हटलं की तुम्हाला आठवतो तो जन्माचा, नाहीतर शाळा सोडल्याचा! पण मराठी बायबलमध्ये 'दाखला' म्हणजे प्रभू येशूने सांगितलेली छोटीशी बोधकथा. त्यातलाच एक आज पाहू. लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात तो आहे. त्याला 'उधळ्या पुत्राचा दाखला' म्हणतात.

तो कोणाला सांगितला, हे आधी ऐका. कर वसूल करणाऱ्या जकातदारांचा लोक तिरस्कार करत. प्रभू येशू मात्र अशांच्या पंक्तीला बसत. ते पाहून धर्माचे नियम काटेकोर पाळणारे परूशी आणि शास्त्री कुरकुर करू लागले. त्यावर येशूने तीन गोष्टी सांगितल्या. पहिलीत शंभरातलं एक मेंढरू हरवतं, दुसरीत दहातलं एक नाणं. आणि तिसरीत? दोन मुलांतला एक मुलगाच हरवतो!

धाकटा बापाकडे आपली वाटणी मागतो. बाप हयात असताना! ज्यू लोकांच्या नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट हिस्सा असे, म्हणजे धाकट्याच्या वाट्याला एक तृतीयांश. बाप मुकाट्याने वाटणी करून देतो. मुलगा दूरदेशी जाऊन सगळं उधळतो. मग तिथे दुष्काळ पडतो आणि तो डुकरं चारायच्या कामाला लागतो. ज्यू लोक डुकराला अशुद्ध मानतात, बरं का. तो इतका उपाशी असतो, की डुकरांपुढच्या शेंगाही त्याला खाव्याशा वाटतात.

शेवटी तो घरी जायचं ठरवतो. काय बोलायचं, ते पाठ करतो: मी चुकलो, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजूर म्हणून ठेवा.

तो अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो. रोज त्या वाटेकडे डोळे लावून बसल्याशिवाय का कोणी इतक्या लांबून दिसतं? आणि तो घरचा कर्ता, मानी माणूस चक्क धावत सुटतो! गळ्यात पडतो, मुके घेतो. मुलगा पाठ केलेलं बोलू लागतो, पण शेवटचं वाक्य राहूनच जातं. 'मजूर' हा शब्द बाप त्याला उच्चारूच देत नाही. लगेच उत्तम झगा, बोटात अंगठी, पायात जोडा आणि मेजवानी! अंगठी आणि जोडा मजुराला नसतो, तो घरच्या लेकाला असतो.

ख्रिस्ती श्रद्धा सांगते, की देव असा आहे. आपण सुधारलो की मग तो प्रेम करू लागतो, असं नाही. त्याचं प्रेम आधीपासून वाटेवर उभंच असतं. म्हणून तर ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत देवाला 'पिता' म्हणतो.

म्हणजे वाटेल तसं वागावं का? छे! उधळलेला पैसा परत आलेला नाही. उरलेलं सगळं थोरल्याचंच आहे, असं बाप स्पष्ट सांगतो. क्षमेने नुकसान भरून येत नाही. तुटलेलं नातं मात्र जुळतं.

आणि थोरला? तो रुसून अंगणातच थांबतो. इतकी वर्षं राबलो, मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत, अशी त्याची तक्रार! भावाला तो 'भाऊ' म्हणत नाही, 'तुमचा मुलगा' म्हणतो. बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो आणि हळूच आठवण देतो, की तो तुझा भाऊ आहे.

थोरला आत गेला का? येशूने ते सांगितलंच नाही. गोष्ट तिथेच संपते. उत्तर कुरकुरणाऱ्या मंडळींनी द्यायचं होतं. आणि आपणही! वर्गात चोरी पकडली गेलेल्या मुलाने माफी मागितली, तर त्याला आपल्या डब्यात पुन्हा बोलावणार ना?

तुमच्यापैकी कुणी प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी लपवलंय का? आज घरी सांगून टाका. आणि आईबाबांनो, तो सांगायला येईल तेव्हा दोन पावलं तुम्हीही पुढे या.

पुन्हा भेटू, पुढच्या आठवड्यात!