औषधांचेही पुरुमेंत हवे



मे महिन्यात मोरजीत हिंदूंच्या घरी असो वा आम्हा ख्रिस्तींच्या, पुरुमेंत भरायची घाई असते. सुके मासे, मिरची, चिंच, सोलां, मीठ, उकडे तांदूळ. पावसात होडी दर्यात जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. औषधांच्या बाबतीत मात्र आपण रोजचे आणून रोज खातो.

११ मे २०२१ रोजी पहाटे २ ते ६ या वेळेत गोमेकॉत २६ कोविड रुग्ण दगावले, असे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनीच सांगितले होते. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांचे म्हणणे होते की राज्यात प्राणवायूची टंचाई नाही, सिलिंडर कधी कधी वेळेवर पोहोचत नाहीत. ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून जोडाव्या लागत, हेही उच्च न्यायालयापुढे आले. २०,००० लिटरची टाकी बसली ती त्यानंतर. म्हणजे माल राज्यात असूनही शेवटच्या शंभर पावलांत माणूस दगावू शकतो.

दुसरे टोक फार लांब आहे. वेर्णे, कुंडई, कोलवाळ इथे औषधांचे कारखाने आहेत, म्हणून गोव्याला काळजी नाही असे काहीजण म्हणतात. पण गोळी इथे बनली तरी तिच्यातला मूळ कच्चा माल बराचसा चीनमधून येतो. तिथे टाळेबंदी लागताच ३ मार्च २०२० रोजी भारताने पॅरासिटामॉलसह २६ कच्चे माल व औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पुढे कच्चा माल देशात बनावा म्हणून केंद्राने ६,९४० कोटींची योजना आणली. ते काम वर्षानुवर्षांचे. तोवर आपल्या हाती काय आहे?

एक, नेहमीच्या औषधांचा निदान तीन महिन्यांचा साठा. औषधे मुदत संपून फुकट जातात, हा आक्षेप खरा आहे. पण पुरुमेंताच्या भरणीतले जुने आधी काढतो आणि नवे मागे ठेवतो, तसा साठा फिरता ठेवला की नासाडी होत नाही. दोन, सगळी ऑर्डर एकट्या स्वस्त निविदेला न देता दोघांत वाटावी. एकाचा ट्रक पत्रादेवीहून येत असेल तर दुसऱ्याचा मोलेहून यावा. दोन पैसे जादा जातील, जाऊ देत. तीन, प्रत्येक सरकारी इस्पितळात कुठले औषध किती दिवस पुरेल, ते दर आठवड्याला फलकावर लिहावे. तुयेच्या नव्या इस्पितळासाठी पेडणेकर भांडले, ते बरोबरच. पण भिंतींबरोबर आतल्या भांडाराचाही हिशेब मागायला हवा.

आणि थोडे आपल्याकडेही बघूया. २०२० साली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची अफवा उठताच लोकांनी पाकिटेच्या पाकिटे घरी नेली. संधिवात आणि ल्युपसचे रुग्ण, ज्यांना ती गोळी रोज लागते, ते फार्मसीतून रिकाम्या हाताने परतले. घरात महिन्याभराची औषधे असणे शहाणपणाचे. शेजाऱ्याच्या वाटणीचीही कपाटात कोंडणे, हे कुठल्याच धर्मात बसत नाही.

पुढच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, कचऱ्याबरोबर हा प्रश्नही कुणीतरी मांडावा. कुणी नाही तर मी मांडेन, सोबत उभे राहा म्हणजे झाले.

– एक वाचक, मोरजी, पेडणे